बर्फातलं कोल्हापूर

डिसेंबर संपत आला की धरमपेठेत सकाळी सकाळी कानटोप्यांचं राज्य सुरू होतं. ट्रॅफिक पार्ककडे फिरायला निघालेले आजोबा मफलरमध्ये गुरफटलेले, गोकुळपेठेच्या बाजारात संत्र्यांचे ढीग, पोह्यांच्या ठेल्यावर तर्रीची वाफ आणि शाळेला निघालेल्या प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य, ‘बाप रे, काय थंडी आहे!’

खरंच आहे म्हणा! २०१८ साली २९ डिसेंबरला नागपूरचा पारा थेट ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. पण दोस्तांनो, आज आपण अशा एका शहरात फेरफटका मारायला निघालोय, जिथे डिसेंबरात ३.५ अंश तापमान असलं तर लोक म्हणतात, ‘आज जरा बरं आहे हं!’ पोलंड या देशाची ही राजधानी. नाव वॉर्सा. विस्तुला नदीच्या काठावर वसलेली.

‘लंडन-पॅरिस सोडून वॉर्साच का?’ असं तुम्ही विचारणार, हे ठाऊक आहे. त्याचं उत्तर वॉर्सातल्या एका बागेजवळ आहे. तिथे एक स्मारक उभं आहे आणि त्याच्या नावात आहे आपलं कोल्हापूर! कुठे पंचगंगा, कुठे विस्तुला! हे नाव तिथे कसं पोहोचलं, ते स्मारकापाशी उभं राहूनच ऐकायचं. पण अंधार पडायच्या आत तिथे पोहोचायचं असेल, तर जरा घाई करायला हवी.

दिवस फक्त पावणेआठ तासांचा

घाई का म्हणाल तर २१ डिसेंबरच्या सुमाराला वॉर्सात सूर्य उगवतो सकाळी पावणेआठच्या सुमारास आणि दुपारी साडेतीन वाजायच्या आत मावळतो! तिथे सूर्योदय होतो तेव्हा आपल्या धरमपेठेत सव्वाबारा वाजलेले असतात, कारण हिवाळ्यात दोन्ही ठिकाणच्या घड्याळांत साडेचार तासांचा फरक असतो. नागपूरचा सर्वांत लहान दिवससुद्धा सुमारे पावणेअकरा तासांचा असतो. म्हणजे आपल्यापेक्षा त्यांना तब्बल तीन तास ऊन कमी.

याचं कारण भूगोलात आहे. नागपूर विषुववृत्ताच्या उत्तरेला २१ अंशांवर, तर वॉर्सा ५२ अंशांवर. पृथ्वीचा आस कललेला आहे, म्हणून डिसेंबरात उत्तर गोलार्ध सूर्यापासून दूर झुकलेला असतो. जितकं उत्तरेला जाल, तितका सूर्य आभाळात खाली दिसतो. एक गंमत करून बघा. हात समोर ताठ धरा आणि मूठ वळा. ही मूठ आभाळाचे साधारण १० अंश झाकते. डिसेंबरात भर दुपारी नागपूरचा सूर्य क्षितिजापासून साडेचार मुठी वर असतो. वॉर्सात मात्र फक्त दीड मूठ! भर दुपारी बारा वाजता तुमची सावली तुमच्या उंचीच्या जवळपास चौपट लांब पडते. अर्थात सूर्य दिसला तर! बऱ्याचदा तो ढगांच्या गोधडीतून बाहेरच येत नाही.

कांद्यासारखे कपडे

बाहेर पडण्याआधी कपड्यांचं बघू. एकच जाडजूड स्वेटर घातला की झालं, असं वाटतं ना? ते काही खरं नाही. तिथले लोक कांद्याच्या पाकळ्यांसारखे एकावर एक कपडे घालतात. आत अंगाला चिकटून बसणारा पातळ सदरा, वर लोकरी स्वेटर, त्यावर वारा अडवणारा जाड कोट. दोन थरांच्या मध्ये हवा अडकते. हवा ही उष्णतेची मंद वाहक, त्यामुळे अंगाची ऊब बाहेर जात नाही. आजीच्या गोधडीचं शास्त्र हेच तर आहे! जुन्या लुगड्यांचे थरावर थर, आणि थरांच्या मध्ये कोंडलेली हवा.

डोक्यावर टोपी, हातात मोजे आणि पायांत खाचा असलेल्या जाड तळव्याचे बूट. रस्त्यावर पडलेला बर्फ पायांखाली दबून काचेसारखा गुळगुळीत होतो. त्यावर लांब ढांगा टाकल्या की धपकन आपटलोच म्हणून समजा. तिथे पेंग्विनसारखं चालायचं. छोटी छोटी पावलं, पाय सपाट टेकवायचा आणि हात खिशाबाहेर.

आणि गंमत म्हणजे, इमारतीत शिरलात की लगेच घामाघूम! वॉर्सात घराघरांतून नळांची जाळी फिरवलेली आहेत. मोठ्या वीजकेंद्रांमध्ये तापवलेलं पाणी या नळांतून शहरभर खेळवतात आणि त्यावर घरं गरम राहतात. युरोपातल्या अशा सर्वांत मोठ्या जाळ्यांपैकी हे एक. म्हणून प्रत्येक संग्रहालयाच्या दाराशी कोट ठेवायची खोली असते. कोट द्यायचा, बिल्ला घ्यायचा. देवळाबाहेर चपला काढतो, तसं.

खारी आणि एक हृदय

चला, उजाडलं. पहिला मुक्काम वाझिएन्की बाग. राजाची ही जुनी बाग म्हणजे शहराच्या मध्यावरचं छोटं जंगलच. झाडांवर एकही पान नाही, तळ्यावर बर्फाची साय धरलेली. सगळीकडे इतकं शांत की बुटांखाली बर्फ करकरतो तेवढाच आवाज. तेवढ्यात लालसर रंगाची, कानांवर केसांचे झुपके असलेली खार टुणकन पुढ्यात येते! आपल्या खारीच्या पाठीवर रामाची बोटं असतात, हिच्या पाठीवर एकही पट्टा नाही. वॉर्साचे लोक या खारींना लाडानं ‘बाशा’ अशी हाक मारतात. हातावर अक्रोड ठेवून गप उभं राहिलं की बाई थेट हातावर येऊन घेऊन जातात. हिवाळ्यात पोटाची ददात सर्वांनाच!

या बागेत विलोच्या झाडाखाली बसलेल्या एका माणसाचा भव्य पुतळा आहे. हा संगीतकार फ्रेडरिक शोपां. पियानोचा जादूगार! हा पुतळा १९२६ साली उभारला. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्यानं वॉर्सा जिंकलं आणि १९४० साली सुरुंग लावून पुतळा उडवून दिला. युद्ध संपल्यावर वॉर्साच्या लोकांनी तो पुन्हा घडवला आणि १९५८ साली त्याच बागेत बसवला.

शोपां वारला १८४९ साली पॅरिसमध्ये. शरीर तिथे पुरलं, पण त्याच्या बहिणीनं त्याचं हृदय मात्र मायदेशी आणलं. आजही ते वॉर्साच्या होली क्रॉस चर्चमधल्या एका खांबात जपून ठेवलेलं आहे. चर्चबाहेरच्या रस्त्याला काळ्या दगडाचे बाक दिसतील. त्यावरचं बटण दाबलं की बाकातून शोपांचं संगीत वाजू लागतं! पण बसायच्या आधी बर्फ झटका बरं का, नाहीतर संगीत ऐकता ऐकता बूड गार पडायचं.

चित्र बघून बांधलेलं शहर

त्याच रस्त्यानं सरळ चालत गेलं की जुनं वॉर्सा लागतं. गुलाबी-लाल राजवाडा, उंच खांबावर उभा असलेला राजा झिग्मुंट, पिवळ्या-हिरव्या-तांबूस रंगांची अरुंद घरं, उतरत्या छपरांवर साचलेला पांढराशुभ्र बर्फ. मधल्या चौकात हातात तलवार आणि ढाल घेतलेली मत्स्यकन्या! ही वॉर्साची राखणदार, शहराच्या चिन्हावरही तीच असते. हिवाळ्यात तिच्याभोवती बर्फाचं मैदान तयार करतात आणि पोरंसोरं पायांत स्केट्स बांधून गरागरा घसरत असतात. सगळं कसं तीनशे-चारशे वर्षांपूर्वीचं वाटतं.

आता नीट ऐका. यातली बहुतेक घरं तुमच्या आजोबांच्या वयाची आहेत!

१ ऑगस्ट १९४४ रोजी वॉर्साच्या लोकांनी जर्मन सैन्याविरुद्ध उठाव केला. ६३ दिवस ते लढले आणि हरले. मग त्यांना शहराबाहेर हाकलून देण्यात आलं आणि जर्मन सैन्यानं एक भयंकर काम हाती घेतलं. रस्त्यामागून रस्ता, घरामागून घर पेटवायचं, सुरुंग लावून पाडायचं. शहर शिल्लकच ठेवायचं नाही! सुमारे ८५ टक्के वॉर्सा जमीनदोस्त झालं. जानेवारी १९४५ मध्ये जर्मन सैन्य गेलं आणि ऐन बर्फात लोक परत येऊ लागले. समोर काय, तर विटांचे ढिगारे. ‘राजधानी दुसरीकडे नेऊ या’ असंही काही जण म्हणाले. पण लोक हटले नाहीत. ‘इथेच बांधायचं आणि होतं तसंच बांधायचं’ असं ठरलं.

पण होतं तसं म्हणजे नेमकं कसं? इथे दोन गोष्टी मदतीला आल्या. अठराव्या शतकात बेर्नार्दो बेलोत्तो नावाच्या इटालियन चित्रकारानं राजासाठी वॉर्साच्या रस्त्यांची चित्रं काढली होती. इतकी बारकाईनं, की कोणत्या घराला किती खिडक्या तेही मोजता यावं. दुसरी गोष्ट म्हणजे, वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी आणि प्राध्यापकांनी युद्धाआधी जुन्या घरांची मापं घेऊन केलेली रेखाटनं. युद्धाच्या काळात लोकांनी ती जिवापाड लपवून ठेवली होती. विचार करा, विद्यार्थ्यांचा गृहपाठ एका राजधानीच्या उपयोगी पडला!

ढिगाऱ्यांतून कोरीव दगडांचे तुकडे वेचून काढले आणि नव्या भिंतींत त्यांच्या जुन्या जागी बसवले. चौकातली घरं १९५३ पर्यंत उभी राहिली. राजवाड्याचं काम १९७१ साली सुरू झालं. त्याच्या मनोऱ्यावरचं घड्याळ १७ सप्टेंबर १९३९ रोजी बाँबहल्ल्यात सव्वाअकराला बंद पडलं होतं. १९ जुलै १९७४ रोजी ते पुन्हा सुरू केलं. किती वाजता? बरोबर सव्वाअकरालाच! १९८० साली युनेस्कोनं या जुन्या शहराला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. ते जुनं आहे म्हणून नव्हे, तर ते इतक्या निष्ठेनं पुन्हा उभं केलं म्हणून.

पंचवीस शब्दांचं पत्र

जुन्या शहराच्या तटाला लागून एक छोटा पुतळा आहे. एक मुलगा, डोक्यावर भलंमोठं हेल्मेट, इतकं मोठं की डोळ्यांवर येतंय. हातात बंदूक. हा ‘छोटा बंडखोर’. १९४४ च्या उठावात जी मुलं मारली गेली, त्यांची आठवण. लोक तिथे फुलं ठेवतात, मेणबत्त्या लावतात. बर्फात त्या मेणबत्त्या मिणमिणताना बघून भलेभले गप्प होतात.

उठावाच्या दिवसांत इथल्या बालवीरांनी, म्हणजे स्काउटच्या मुलांनी, चक्क टपालखातं चालवलं होतं. गोळीबार चालू असताना, गटारांतून, तळघरांतून वाट काढत ही मुलं पत्रं पोहोचवायची. टपालखर्च काही नाही, पण एक अट होती. पत्रात पंचवीसपेक्षा जास्त शब्द नकोत! आज रात्री बसून बघा बरं, आईबाबा शहराच्या दुसऱ्या टोकाला अडकलेत आणि तुमच्याकडे फक्त पंचवीस शब्द आहेत. काय लिहाल?

पोटात कावळे ओरडायला लागले ना? वाटेत ‘बार म्लेच्नी’ अशी पाटी शोधा. म्हणजे दुधाचा बार! हे तिथलं साधंसुधं, स्वस्त भोजनालय. तिथे ‘पिएरोगी’ मागवा. उकडलेल्या करंज्याच समजा, आत बटाटा आणि पांढरं चीज. सोबत लालभडक बिटाचं गरमागरम सूप. आणि हो, संत्र्यांची एक गोष्ट सांगायची राहिली. १९८९ पर्यंत पोलंडमध्ये साम्यवादी राजवट होती. दुकानांत टंचाई, संत्री तर औषधालाही मिळायची नाहीत. नाताळच्या तोंडावर परदेशातून संत्र्यांनी भरलेलं जहाज बंदराकडे निघालं की त्याची बातमी व्हायची आणि दुकानांपुढे रांगा लागायच्या. तिथल्या आजी-आजोबांना अजूनही संत्र्याच्या वासानं नाताळ आठवतो. आपण मात्र संत्र्याची साल पिळून एकमेकांच्या डोळ्यांत फवारे उडवतो!

आणि हे कोल्हापूर!

दुपारचे अडीच. उजेड मंदावायला लागलाय. जुन्या शहरापासून थोडं चाललं की क्राशिन्स्की बाग लागते. इथे आसपास फुटपाथवर खाली बघत चला. जमिनीत बसवलेली लोखंडी पट्टी दिसेल, तिच्यावर १९४० आणि १९४३ ही सालं आहेत. इथे भिंत होती. जर्मनांनी वॉर्साच्या चार लाखांहून जास्त ज्यू लोकांना या भिंतीआड कोंडलं होतं आणि त्यांतल्या बहुतेकांना ठार मारलं.

बागेजवळ मोन्ते कासिनोच्या लढाईचं उंच स्मारक आहे. त्याच्या शेजारी नोव्हेंबर २०१७ मध्ये उभारलं गेलं वळिवडे-कोल्हापूरचं स्मारक. आलो एकदाचे! आता हातमोजे चोळत उभं राहा आणि गोष्ट ऐका.

सप्टेंबर १९३९ मध्ये पोलंडवर दोन बाजूंनी हल्ला झाला. पश्चिमेकडून जर्मनी, पूर्वेकडून सोव्हिएत रशिया. पूर्व भाग रशियानं घेतला आणि १० फेब्रुवारी १९४० च्या कडाक्याच्या थंडीत तिथल्या पोलिश कुटुंबांना झोपेतून उठवून मालगाड्यांत भरायला सुरुवात झाली. गाड्या निघाल्या सायबेरियाकडे. तिथली थंडी उणे ४० अंशांपर्यंत उतरणारी. लाकडं तोडायची, मिळेल ते खायचं. किती तरी माणसं भुकेनं आणि तापानं गेली. किती तरी मुलं पोरकी झाली.

१९४१ साली जर्मनीनं रशियावरच चढाई केली. मग रशियानं या पोलिश कैद्यांना सोडलं. जनरल आंदेर्स यांनी त्यांतल्या पुरुषांची फौज उभारली आणि १९४२ मध्ये फौजेबरोबर हजारो बायकामुलंही इराणमध्ये पोहोचली. फौज लढाईवर गेली. पण बायकामुलांनी कुठे जायचं? मायदेश तर शत्रूच्या ताब्यात! जगात त्यांना ठेवून घेणारं कोण?

तेव्हा दार उघडलं ते आपल्या देशानं. तो स्वतः इंग्रजांच्या गुलामीत होता, तरीही! नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी १९४२ मध्ये जामनगरजवळ बालाचडी इथे सुमारे एक हजार पोलिश मुलांना आसरा दिला. हे जामसाहेब म्हणजे, ज्यांच्या नावानं रणजी करंडक खेळला जातो, त्या रणजींचे वारस. आणि १९४३ मध्ये कोल्हापूर संस्थानात, कोल्हापूर शहराजवळच्या वळिवडे गावी, एक अख्खं पोलिश गाव वसलं. सुमारे ५००० माणसं, बहुतेक सगळ्या बायका आणि मुलं.

बराकींच्या रांगा, शाळा, दवाखाना, चर्च, नाटकाचा रंगमंच, बालवीरांची पथकं, सगळं होतं. सायबेरियाच्या बर्फातून आलेली ही मुलं कोल्हापूरच्या उन्हात आणि धो धो पावसात वाढली. १९४८ पर्यंत ती वळिवड्याला राहिली. मग कुणी इंग्लंडला गेलं, कुणी ऑस्ट्रेलियाला, कुणी कॅनडाला, तर काही जण पोलंडला परतले. पुढे म्हातारपणी जुना पत्ता शोधत काही जण मुद्दाम कोल्हापूरला येऊनही गेले.

वळिवड्याच्या त्या छावणीचं पुढे काय झालं माहीत आहे? फाळणीनंतर सिंधमधून घरदार सोडून आलेली कुटुंबं तिथे राहायला आली. आज त्या वस्तीला गांधीनगर म्हणतात. एका दुखावलेल्या माणसांच्या जागी दुसरी दुखावलेली माणसं आली आणि त्याच आडोशाला सावरली.

म्हणून हे स्मारक आहे. वॉर्साच्या ओखोटा भागात ‘भल्या महाराजांचा चौक’ही आहे. भले महाराज म्हणजे जामसाहेब. तिथलं त्यांचं स्मारक २०१४ सालचं. ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी वॉर्सातल्या या स्मारकांना भेट दिली.

> सैनिक अस्वल!
> आंदेर्स यांच्या फौजेला इराणमध्ये अस्वलाचं एक पिल्लू मिळालं. सैनिकांनी त्याचं नाव ठेवलं ‘वोयतेक’. ते त्यांच्याबरोबर वाढलं, त्यांच्याशी कुस्ती खेळलं. इटलीला जाताना जहाजावर प्राण्यांना बंदी, म्हणून त्याची चक्क सैनिक म्हणून नोंद केली! १९४४ च्या मोन्ते कासिनोच्या लढाईत त्यानं तोफगोळ्यांच्या पेट्या उचलल्या. याच डोंगरासाठी भारतीय सैन्याची चौथी डिव्हिजनही लढली होती. युद्धानंतर वोयतेक एडिंबरोच्या प्राणिसंग्रहालयात राहिला आणि १९६३ साली वारला.

हिवाळा आणि झिमा

साडेतीन वाजले आणि अंधार झालासुद्धा. रस्त्यांवर नाताळचे दिवे लागले. कुडकुडत परत जाताना थोडं पोलिश शिकू या, म्हणजे थंडी विसरायला होईल. आपल्याला ही भाषा फार परकी नाही बरं का! विस्तवाला ते म्हणतात ‘ओग्येन’. आठवला का अग्नी? धुराला म्हणतात ‘दिम’. हा संस्कृतातला धूम! शंभरला ‘स्तो’, म्हणजे शत. आणि हिवाळ्याला? ‘झिमा’! संस्कृतातल्या ‘हिम’चा हा लांबचा भाऊ. त्याच ‘हिम’पासून आपलं हिंव झालं आणि हिवाळाही. हजारो वर्षांपूर्वी या भाषांची पणजी एकच होती. म्हणजे धरमपेठेचा हिवाळा आणि वॉर्साची झिमा एकमेकांच्या नात्यातल्याच!

आभार मानायचे असतील तर म्हणा ‘जेन्कुये’. दुकानदार हसून बघेल.

रिकामं ताट

२४ डिसेंबरच्या संध्याकाळी वॉर्सातली मुलं खिडकीला नाक लावून बसतात. आभाळात पहिली चांदणी दिसली की जेवायला सुरुवात! टेबलावर पांढरी चादर, तिच्याखाली थोडं वाळलेलं गवत, कारण येशूचा जन्म गोठ्यात झाला. मग एक पातळ पापडी हातात घेऊन प्रत्येक जण दुसऱ्याच्या पापडीचा तुकडा मोडून घेतो आणि शुभेच्छा देतो. जवळजवळ आपला तिळगूळच! त्यानंतर बारा पदार्थांचं जेवण, आणि त्यांत मांस अजिबात नाही.

घरात माणसं पाच असली, तरी टेबलावर ताटं मांडतात सहा. सहावं ताट रिकामं राहतं. ते न बोलावता आलेल्या पाहुण्यासाठी. थंडीत वाट चुकलेला, घर हरवलेला कुणी दारात आला, तर त्याला जागा हवी ना! तिथली एक म्हणही आहे, घरी पाहुणा आला म्हणजे देव आला. आपलं ‘अतिथी देवो भव’ याहून वेगळं काय सांगतं?

२०२२ च्या फेब्रुवारीत रशियानं युक्रेनवर हल्ला केला. ऐन थंडीत लाखो बायकामुलं पोलंडच्या सीमेवर आली. पोलंडनं दारं उघडली. वॉर्साच्या रेल्वे स्टेशनवर लोक गरम सूप, ब्लँकेटं आणि खेळणी घेऊन उभे राहिले. युक्रेनमध्ये डॉक्टरकी शिकायला गेलेले भारतीय विद्यार्थीही त्या गर्दीत होते, आपल्या महाराष्ट्रातलेही. किती तरी जण पोलंडमार्गेच विमानानं मायदेशी परतले. सहावं ताट नुसतं मांडायला नसतं, हे तेव्हा साऱ्या जगानं पाहिलं.

आणि १९४३ साली? तेव्हा ते ताट मांडलं होतं कोल्हापूरनं.

वॉर्साला जायचा योग कधी येईल तेव्हा येईल. पण कोल्हापूर काही लांब नाही! तिथल्या महावीर उद्यानात पोलिश लोकांच्या आठवणीचा स्तंभ आहे, रंकाळ्यावर भेळ खायच्या आधी तो बघून या. आणि नागपूरहून महाराष्ट्र एक्स्प्रेसनं निघालात, तर मिरज गेलं की झोपू नका. कोल्हापूर यायच्या थोडंसं आधी एक लहानसं स्टेशन पटकन मागे पडतं. पिवळ्या पाटीवर नाव वाचा: वळिवडे.